नातेवाइकांच्या कार्यातले फोटो: पैसे घ्यावेत की आहेर समजून सोडून द्यावेत?

राजहंसगड | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे सुट्टीच्या दिवशी लग्न, बारसे, वास्तुशांत अशा कार्यांचे फोटो काढतो. सुरुवात हौसेने झाली. आता घराचा निम्मा हप्ता त्यातूनच भागतो. हळद आणि अक्षतारोपण असे दोन दिवस, एक करिज्मा अल्बम आणि सोबत एक मदतनीस, एवढ्याचे मी ४५ हजार रुपये घेतो.

येत्या वैशाखात खानापूरजवळच्या गावी माझ्या सख्ख्या मामांच्या मुलीचे लग्न आहे. मामांनी मला अजून काहीही विचारलेले नाही. आईशी फोनवर बोलताना ते एवढेच म्हणाले, "फोटोची काळजी न्हाई, आपला बाळू हाय की." त्या 'हाय की'मध्ये सगळे ठरून गेले. त्याच मुहूर्तावर टिळकवाडीतल्या एका घरचे काम मला आले होते, ते मी सोडले. मदतनिसाची मजुरी आणि अल्बमची छपाई मिळून सोळा हजार तरी माझ्या खिशातून जाणार, हे वेगळेच. आई म्हणते, "भावाकडे तू पैसे मागितलेस तर मी माहेरी कोणत्या तोंडाने जाऊ?" बायको म्हणते, या वेळी मागितले नाहीत तर पुढच्या वर्षी दोन चुलत बहिणी आणि एक मावसभाऊ रांगेत उभे आहेत.

आपण नातेवाइकांकडून पैसे घेता का? घेत असाल तर कोणत्या नात्यापासून, आणि मुख्य म्हणजे ती गोष्ट तोंडातून बाहेर कशी काढता?

अनगोळकर | रात्री १०:०५

आमच्या एका मित्राचे दरपत्रक सांगतो. सख्खा मामा ५० टक्के, चुलत मामा ७५ टक्के, आणि ज्याला आपण मामा म्हणतो पण का म्हणतो ते आईलाही सांगता येत नाही, त्याला १२५ टक्के.

निपाणीचा पाहुणा | रात्री १०:४०

मला मामांकडून पैसे घेणे अजिबात पटत नाही आणि मी ते स्पष्टच सांगतो. आमच्याकडे तंबाखूची लागण असो की जोंधळ्याची मळणी, भावकीतली माणसे पैऱ्याने, म्हणजे आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे अशी, एकमेकांच्या रानात राबत आली आहेत. आमच्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी माझे तीन मेहुणे पहाटे पाचला हजर होते आणि त्यांनी दुपारच्या झुणका-भाकरीपलीकडे काही घेतले नाही. उद्या त्यांच्या मुलाच्या मुंजीला मी कॅमेरा घेऊन गेलो आणि हातात बिल ठेवले, तर त्यांनी मला त्या स्लॅबची आठवण करून द्यायला हवी. पैशाचा हिशेब सुरू झाला की नाते संपले, असे माझे वडील म्हणत असत.

मलप्रभा | रात्री ११:२०

मी दुसऱ्या बाजूने सांगते, म्हणजे ज्या नवरीचे फोटो फुकट काढले गेले तिच्या बाजूने.

माझे लग्न खानापुरात झाले. फोटो चुलत भावाने काढले. तो हौशी आहे, हात चांगला आहे, आणि "ताईच्या लग्नाचे पैसे कसले" असे त्यानेच म्हटले होते. लग्नात तो भाऊही होता आणि फोटोग्राफरही. लाजाहोमाच्या वेळी वधूच्या भावाला लाह्या घालायला पुढे यावे लागते. माझ्या सख्ख्या भावाची विमानाची वेळ चुकली होती, तेव्हा हाच पुढे झाला, आणि कॅमेरा एका दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात गेला. माझ्या लाजाहोमाच्या फोटोंत होमकुंडापेक्षा भटजींचे गुडघे जास्त आहेत. अक्षता पडतानाचा एकही फोटो नाही, कारण त्या क्षणी तोही इतरांसारखा अक्षताच टाकत होता. त्याचा त्यात दोष काय?

पेन ड्राइव्ह मला आठ महिन्यांनी मिळाला. त्या आठ महिन्यांत सासूबाई प्रत्येक सणाला विचारत, "तुमच्याकडचे फोटो आले नाहीत अजून?" मी भावाला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा फोटोंचा विषय न काढताच ठेवला. पैसे दिले असते तर हक्काने विचारले असते. फुकट केलेल्या कामाची तक्रार करायची तरी कोणाकडे? तो भाऊ मला आजही प्रिय आहे, पण माझ्या मनात एक बारीक कुसळ राहिले आहे, आणि ते त्याला ठाऊकही नाही. ते तीस-चाळीस हजार वाचले नसते तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

राजहंसगड | रात्री ११:४५

मलप्रभाताई, आपला प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण मीही एका मावसबहिणीचा अल्बम सात महिने लांबवला आहे. पैसे देणाऱ्यांची कामे पुढे जातात आणि ती मागे राहते, हे खरे आहे.

जुना डार्करूमवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

शहापुरात माझा स्टुडिओ होता. आता मुलगा मोबाइलचे दुकान चालवतो आणि मी सकाळी उठून असे धागे वाचतो.

रोलच्या काळात हा प्रश्न निम्म्याने सोपा होता. १२० च्या रोलमध्ये चौकोनी बारा फोटो यायचे, ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस. नातेवाईक मंडळी स्वतः रोल आणून हातात ठेवत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घेऊन माझे एक साडू आले होते ते मला अजून आठवतात. "रोल आमचा, धुलाई आणि प्रिंटचे काय ते सांगा, तुमचे हात तेवढे आमचे," असा तो रोकडा व्यवहार होता. बारातले किती उरले हे मांडवातल्या पोरांनाही ठाऊक असे. आत्याबाई चौथ्यांदा फोटोला उभ्या राहिल्या की घरातलेच कोणीतरी म्हणायचे, "अहो, रोल संपतो." मी मेहनतीचे पैसे सोडत असे, पण सोडले हे समोरच्याला दिसत असे.

डिजिटल आले आणि रोल दिसेनासा झाला. आता लोकांना खरोखरच वाटते की बटण दाबायला काय लागते. आपल्या मामांचा त्यात काही लबाडपणा नाही. त्यांना तुमचा रोल दिसत नाही, एवढेच.

हिशेबनीस | सकाळी ९:३०

डार्करूमवाले काकांचा न दिसणारा रोल मी आकड्यांत मांडून दाखवतो.

दोन दिवसांच्या लग्नात साधारण तीन हजार वेळा शटर पडते. या वर्गातल्या अनेक कॅमेऱ्यांचे शटर दीड लाख वेळा टिकेल असे उत्पादक सांगतात, म्हणजे पन्नास लग्नांत कॅमेऱ्याचे ते आयुष्य संपते. रॉ फाइल पंचवीस एमबीची धरली तर तीन हजारांचे ७५ जीबी, आणि शहाणा माणूस दोन प्रती ठेवतो, म्हणून १५० जीबी. तीन हजारांतून सहाशे निवडले आणि प्रत्येकावर दोनच मिनिटे काम केले तरी वीस तास होतात. त्यात अल्बमची मांडणी धरलेली नाही, आणि "माझा दंड जाड दिसतोय, जरा कमी कर" हेही धरलेले नाही.

दोन दिवस उभे राहणे सगळ्यांना दिसते. पुढचे वीस तास घरी, रात्री, मुले झोपल्यावर जातात. माझ्या मते नातेवाइकाला दोन दिवस द्यावेत, ते वीस तास विकत द्यावेत.

मांडे | सकाळी १०:१०

मी शहरात ऑर्डरप्रमाणे मांडे करून देते. लग्नसराईत नातेवाइकांच्याही ऑर्डरी असतात आणि आजवर एकाही नातेवाइकाने ते फुकट मागितलेले नाहीत. रवा, तूप, पिठीसाखर यांचे भाव प्रत्येक बाईला पाठ असतात. उपड्या कढईवर हात भाजतो तेही दिसते. माझ्या जावेने मात्र एकदा मला विचारले होते, "सामान आम्ही देतो, तू येऊन करून जा." मी म्हटले, येते, पण मग मला पंगतीत बसवू नका, आचाऱ्यांच्या बाजूला पान वाढा. तिला अर्थ कळला आणि तिने रीतसर ऑर्डर दिली.

अनगोळकर | सकाळी १०:२५

फोटो फुकट काढावेत, पोट आत घेऊन देण्याचे पैसे घ्यावेत. मांडेताईंच्या उत्तरानंतर एवढेच सुचते.

घटप्रभा | दुपारी १२:५०

निपाणीच्या पाहुण्यांच्या पैऱ्याविषयी थोडे बोलायचे आहे.

पैऱ्याला आपण फुकट म्हणता, पण पैरा फुकट कधी होता? माझ्या माहेरी आजोबा चुन्याने भिंतीवर रेघा ओढून ठेवत: कोणाचे किती दिवस घेतले, कोणाचे किती फेडले. बैलजोडीचा एक दिवस म्हणजे माणसाचे किती दिवस, हेही ठरलेले असे. ज्याने दिवस फेडला नाही त्याच्या रानात पुढच्या वर्षी कोणी गेले नाही. आपल्या मेहुण्यांनी स्लॅब टाकला तो दिवस आपण कुठे ना कुठे फेडला असेलच. नसेल तर तो त्यांच्या डोक्यात जमा आहे.

माझे सासर गोकाककडचे, कन्नड बोलणारे. त्यांच्याकडे लग्नात येणाऱ्या भेटीला 'मुय्यी' म्हणतात. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून दोघे जण वहीत नावनिशीवार लिहितात, आणि त्या घरी कार्य निघाले की वही काढून तेवढे किंवा त्याहून चढे परत करायचे असते. मला नवलाईच्या दिवसांत ते फार व्यवहारी वाटले होते. मग माहेरी येऊन कपाट उघडले तर आईची आहेराची वही निघाली, आणि त्यात माझ्या जन्माच्या आधीपासूनचे सगळे टॉवेल-टोप्या, खण आणि अकरा रुपये लिहिलेले होते. वही दोन्हीकडे आहे. आपल्याकडे ती कपाटात ठेवतात आणि तिकडे टेबलावर, एवढाच फरक.

अडचण अशी की ज्याच्याकडे कॅमेरा आहे तो प्रत्येकाच्या दारी दिवस घालवतो, आणि त्याच्या दारी त्याच कामाचा दिवस घालवणारा कोणी नसतो. त्याची फेड कशात करायची हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. म्हणून ती होत नाही.

निपाणीचा पाहुणा | दुपारी १:३०

घटप्रभाताई, चुन्याच्या रेघा आमच्याही घरी होत्या, हे मान्य करतो. तरीही रेघ आणि बिल यांत फरक आहे. रेघ ओढणारा 'केव्हातरी' म्हणतो, बिल देणारा 'आत्ता' म्हणतो. त्या 'केव्हातरी'वरच नाती टिकतात.

जुना डार्करूमवाला | दुपारी २:०५

पाहुण्यांनी ही गोष्ट फार नेमकी मांडली. फक्त अल्बम छापणारा 'केव्हातरी' घेत नाही, त्याला छपाईआधी रक्कम लागते.

काळा कोट, चिकोडी | दुपारी ३:४०

या विषयाला कायद्याच्या दोन गमती जोडतो, कारण त्या दोन्ही थेट आपल्या प्रश्नावर आहेत.

पहिली कॉपीराइट कायदा, १९५७ मधली. कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याच्या हक्काचा पहिला मालक ते काढायला सांगणारा असतो. मोबदला नसेल तर पहिला मालक छायाचित्र काढणारा. म्हणजे मामांनी ४५ हजार मोजले तर मुलीच्या लग्नाच्या फोटोंचे मालक मामा. बाळूने ते फुकट काढले तर मालक बाळू. फुकट काढून घेणाऱ्यांना वाटते आपण काही वाचवले. खरे तर त्यांनी मालकी सोडलेली असते. अर्थात हक्क आहे म्हणून नवरीचे फोटो आपल्या जाहिरातीला तिला न विचारता लावावेत, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसरी भारतीय करार कायदा, १८७२ मधली. मोबदल्याशिवाय दिलेले वचन सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते. कलम २५ मध्ये जे अपवाद आहेत त्यांतला पहिलाच असा: जवळच्या नात्यातल्या माणसांनी, नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी, लेखी आणि नोंदणीकृत करार केला असेल तर तो मोबदल्याशिवायही चालतो. तेव्हा 'आपला बाळू हाय की' हे बंधनकारक करायचे असेल, तर मामांना बाळूचा जिव्हाळा मुद्रांकावर लिहून घेऊन नोंदणी कार्यालयात जावे लागेल.

मांडे | दुपारी ३:५५

वकीलसाहेब, फोटोच्या बदल्यात दोन मांडे वाढले तर तो मोबदला होतो का?

काळा कोट, चिकोडी | दुपारी ४:१०

आधी तसे ठरले असेल तर होतो. मोबदला पुरेसा होता की नव्हता, एवढ्या कारणावरून करार रद्द ठरत नाही, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. न ठरवता वाढले असतील तर ते नुसते मांडे.

हिशेबनीस | दुपारी ४:३०

कायद्याचे निघालेच आहे तर आणखी एक सांगतो. जीएसटी कायद्यात 'कुटुंब' म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुले. आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण हे आपल्यावर पूर्णतः किंवा मुख्यतः अवलंबून असतील तरच. मामा त्या व्याख्येत कुठेच बसत नाहीत. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या फोटोग्राफरला त्याच्याशी कर्तव्य नाही, पण सरकारने मामाला परका ठरवले आहे हे वहिनींच्या कानावर घालायला हरकत नाही.

तिसरे रेल्वे गेट | रात्री ८:२०

मी पूर्णवेळ हेच काम करतो. पैशाविषयी सगळे बोलले, मला जेवणाविषयी आणि एका फोटोविषयी बोलायचे आहे.

आमच्या घरात गेल्या अकरा वर्षांत चार लग्ने झाली. चारही मी काढली आणि चारही फुकट. त्या चार अल्बमांत मी एकाही ठिकाणी नाही. घराण्याचा मोठा फोटो काढताना सगळे दाटीवाटीने उभे राहतात, आजीला मधोमध खुर्ची देतात, मागच्या ओळीतली मुले टाचा उंचावतात आणि मी समोर असतो. कोणीतरी दर वेळी म्हणते, "अरे, तू पण ये की." मग कॅमेरा कोणाच्या हाती द्यायचा यावर दोन मिनिटे चर्चा होते, पंगत खोळंबलेली असते, आणि तो फोटो राहून जातो. आजी गेल्या वर्षी वारली. तिचे माझ्याकडे नऊशेच्या वर फोटो आहेत. तिच्याबरोबरचा माझा फोटो शाळेतल्या वयाचा आहे.

जेवायला मी शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर. एकदा तर मुलीकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी मला "ए फोटोवाले" म्हणून हाक मारली. मी नवऱ्या मुलाचा सख्खा चुलत भाऊ, आणि माझी बायको तिथेच उभी होती.

त्यानंतर मी नियम केला. घरच्या कार्यात एकतर मी पाहुणा असेन, किंवा कामावर असेन. पाहुणा असेन तर कॅमेरा घरी, फोटोला दुसरा माणूस, त्याचा दर मी माझ्या ओळखीने कमी करून देईन. कामावर असेन तर पूर्ण दर आणि माझ्याबरोबर दुसरा फोटोग्राफर, म्हणजे अक्षतेला मी कॅमेरा खाली ठेवू शकेन. भाऊ-बहिणींनी पहिल्या वर्षी तोंडे फिरवली. आता सवय झाली.

मलप्रभा | रात्री ८:४५

माझ्या लाजाहोमाची गोष्ट आणि आपली गोष्ट एकच आहे, फक्त कॅमेऱ्याच्या दोन बाजूंनी.

घटप्रभा | रात्री ९:००

'ए फोटोवाले' वाचून फार वाईट वाटले. एक विचारू का? मृत्यूच्या वेळी काय करता? सगळ्यांना हाराचा फोटो त्याच रात्री हवा असतो.

तिसरे रेल्वे गेट | रात्री ९:२५

त्याचे कोणीही घेत नसावे. रात्री अकराला फोन येतो, आणि दर वेळी सापडते ते एखाद्या लग्नातल्या गर्दीतले अंगठ्याएवढे तोंड. खांद्यावर आलेला दुसऱ्या कोणाचा तरी हात पुसायचा, मागे निळा रंग भरायचा, सदऱ्याला कॉलर जोडायची, आणि सकाळी सातच्या आत मोठी प्रिंट फ्रेममध्ये द्यायची. त्या कामाला मी नातेवाइकाकडून काय, गल्लीतल्या माणसाकडूनही फ्रेमच्या काचेपलीकडे घेतलेले नाही.

जुना डार्करूमवाला | रात्री ९:४०

आमच्या काळीही हाच रिवाज होता. निगेटिव्हवर पेन्सिलीने डोळे उघडावे लागत. त्याचे पैसे कोण मागणार?

निपाणीचा पाहुणा | रात्री १०:१५

मग माझे म्हणणे हेच तर आहे, की काही कामांना दर लावायचा नसतो. आपण रेघ लग्न आणि मरण यांच्यामध्ये ओढता, मी ती सख्खे आणि लांबचे यांच्यामध्ये ओढतो.

आणि राजहंसगड, एक प्रश्न आहे. या मामांचे आपल्यावर पूर्वीचे काही आहे का? कारण 'हाय की' असे हक्काने म्हणणाऱ्या माणसाचे बहुधा काहीतरी जमा असते.

राजहंसगड | रात्री ११:१०

आहे. मी पहिला कॅमेरा घेतला तेव्हा मामांनी २० हजार रुपये बिनव्याजी दिले होते. मी ते दीड वर्षात परत केले.

अनगोळकर | रात्री ११:१५

ही गोष्ट पहिल्या प्रतिसादात यायला हवी होती. आम्ही दोन दिवस एका वेगळ्याच मामांशी भांडत होतो.

निपाणीचा पाहुणा | रात्री ११:३०

पैसे फेडलेत, ते देण्याची वेळ फेडली नाहीत. त्या दिवशी ते नसते तर कॅमेराच नसता.

तिसरे रेल्वे गेट | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

हे मात्र मला मान्य नाही. या हिशेबाने ज्याने कधी मदत केली त्याचे ऋण जन्मभर फिटणारच नाही आणि त्याची किंमत दर कार्याला वाढत जाईल. सावकारसुद्धा एवढे लावत नाही.

घटप्रभा | सकाळी ९:१५

दोघांच्याही मध्ये एक वाट आहे, माझ्या दिरांनी वापरलेली. ते मंडपाच्या सजावटीचे काम करतात. नातेवाइकाचे काम असले की पूर्ण रकमेचे बिल करतात, साठ हजार तर साठ हजार. त्याखाली आपल्याला जो आहेर करायचा असेल तो वजा दाखवतात आणि उरलेली रक्कम रोख घेतात. वजा केलेली रक्कम लग्नाच्या दिवशी वहीत त्यांच्या नावावर मुय्यी म्हणून लिहिली जाते. नुसती 'सवलत' दिली तर ती कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि वरून आहेराचे पाकीट वेगळे द्यावे लागते. वहीत लिहिली की ती पुढच्या पिढीपर्यंत राहते.

धागाकर्त्यांनी स्वतःला विचारावे: मी फोटोग्राफर नसतो, नुसता कारखान्यातला नोकरदार भाचा असतो, तर या लग्नात किती आहेर केला असता? तेवढा वजा करावा. पाहुण्यांचे समाधान होत नसेल तर त्यात कॅमेऱ्याच्या त्या दिवसाचेही काही घालावे.

निपाणीचा पाहुणा | सकाळी १०:००

हे मला पटण्यासारखे आहे. बिलावर 'आहेर' हा शब्द स्पष्ट लिहावा, 'डिस्काउंट' लिहू नये.

मांडे | सकाळी १०:२०

आणि बोलणी आईमार्फत करू नयेत. 'हाय की' आईच्या फोनवरून आले, उत्तर तिच्या फोनवरून गेले की त्याचे भांडण होते. स्वतः जावे, सोबत मिठाई म्हणून कुंदा न्यावा, आणि जेवणाच्या आधी बोलावे. जेवल्यावर कोणी पैशाचे बोलत नाही.

राजहंसगड | १६ जून, रात्री १०:३०

बरेच दिवसांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. वैशाखातला शेवटचा मुहूर्त संपेपर्यंत सवड नव्हती.

मी फेब्रुवारीतच एका रविवारी मामांकडे गेलो. कुंदा नेला, पण मांडेताई, जेवणाआधी बोलायचे धाडस झाले नाही. जेवून, पान खाऊन, निघताना चपला घालताना बोललो. कागदावर लिहून नेले होते: एकूण ४५ हजार, आहेर २० हजार, बाकी २५ हजार. मामांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. आकडा वीसच का, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते त्यावर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आक्काला ठावं हाय हे?" मी नाही म्हटले. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं झालं बोललास. पैसं देतो. पर मग ड्रोन पण पायजे."

मी चक्रावलो. मामी आतून म्हणाल्या की ड्रोन त्यांच्या मनात पहिल्यापासून होता, पण भाच्याकडे फुकटात आणखी काय काय मागायचे म्हणून गप्प होते. ड्रोनवाल्याचे सहा हजार त्यांनी वेगळे दिले. मदतनिसाऐवजी मी चांगला दुसरा फोटोग्राफर नेला, त्यामुळे तिसरे रेल्वे गेट यांच्या सांगण्याप्रमाणे अक्षतेला कॅमेरा खाली ठेवता आला आणि घराण्याच्या फोटोत आईच्या मागे मी उभा आहे. डोळे मिटलेले आहेत, पण आहे.

आहेराच्या टेबलावर वहीत 'बाळू, येळ्ळूर, फोटो, २० हजार' असे लिहिले गेले, आणि ते वाचून मावसभावाने तिथेच मला माझा दर विचारला. आई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. मामांनीच तिला फोन केला, काय बोलले ते दोघांनीही सांगितलेले नाही.

निपाणीचा पाहुणा | रात्री १०:५०

मनापासून आनंद झाला. बाकीचे २५ हजार पूर्ण मिळाले का?

राजहंसगड | रात्री ११:००

पंधरा मिळाले, दहा अल्बमनंतर. अल्बमसाठी मामी दीड हजार फोटोंतून दोनशे निवडत आहेत. आज त्यांचा निरोप आला की सहाशे ऐंशी निवडून झाले आहेत, आता यातला एकही कमी करता येणार नाही. आणि मामांचा सकाळी फोन होता: "बाळू, एक महिना झाला, अल्बम कधी देतोस?"

मलप्रभा | रात्री ११:०५

मामांना माझा नमस्कार सांगा.